तीन प्लांट, दोन डोमेन, सगळा गोंधळ: आतल्या नेटवर्कची नावं नव्याने कशी लावावी?

अंबड_आयटी

मंडळी सल्ला हवाय आणि जरा घाईत हवाय. फोनवरून टाईप करतोय म्हणून डोमेनची नावं पण मराठीतच लिहितोय, आणि कंपनीचं खरं नाव देत नाही, आमचीकंपनी.कॉम धरून चाला.

ऑटो पार्ट्सची कंपनी आहे. हेड ऑफिस आणि मोठा प्लांट नाशिकच्या अंबडला, जुना प्लांट सातपूरला, आणि आता तिसरा सिन्नरला माळेगाव एमआयडीसीत सुरू झालाय, शिवाय चाकणला छोटं सेल्स ऑफिस. पीसी लॅपटॉप मिळून पावणेदोनशे. आयटीत मी आणि एक पोरगा, बास.

अंबड आणि सातपूर मिळून एकच अॅक्टिव्ह डिरेक्टरी (सगळ्यांचे लॉगिन आणि मशीन सांभाळणारी विंडोजची यादी) आहे, नाव आमचीकंपनी.लोकल, स्मॉल बिझनेस सर्व्हरच्या जमान्यात जुन्या व्हेंडरने करून दिलेली. सिन्नरला प्रोजेक्टवाल्यांनी आम्हाला न विचारता परस्पर दुसऱ्या व्हेंडरकडून सर्व्हर बसवून घेतला आणि त्याने तिथे फॅक्टरी.लोकल म्हणून वेगळंच डोमेन टाकलं, त्यामुळे सिन्नरच्या स्टोअरवाल्याला अंबडची ईआरपी (स्टॉक, हिशोबाचं सॉफ्टवेअर) उघडायची तर आयपी पाठ करावा लागतो, त्याने तो मॉनिटरच्या कडेला मार्करने लिहून ठेवलाय. डिझाईनवाल्यांना मॅकबुक दिलेत, त्यांना फाईल सर्व्हर कधी सापडतो कधी नाही. आतल्या सगळ्या वेब अॅपवर ब्राउझर लाल अक्षरात नॉट सिक्युअर दाखवतो आणि प्रॉडक्शन हेड दर आठवड्याला त्याचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅपवर टाकतात.

आता नवीन सर्व्हर येतायत, बजेट पास झालंय, साहेब म्हणाले यावेळी नीटच करून टाका. तर माझ्यापुढे पर्याय असे दिसतात की लोकलच ठेवायचं आणि सिन्नर त्यात घ्यायचं, किंवा आत पण सरळ आमचीकंपनी.कॉम करायचं म्हणजे आतबाहेर एकच नाव, किंवा काहीतरी.आमचीकंपनी.कॉम असं सबडोमेन, किंवा आतल्यासाठी वेगळंच डोमेन विकत घ्यायचं. आणि प्रत्येक प्लांटला वेगळं चाईल्ड डोमेन करावं का, म्हणजे सिन्नर.काहीतरी, सातपूर.काहीतरी? कागदावर तसं छान दिसतंय.

---

केबलवाला

भाऊ चालतंय ना सगळं? मग कशाला हात लावताय. आमच्याकडे पण लोकलच आहे, २५ पीसी, इतकी वर्षं झाली काही त्रास नाही. मॅकवाल्यांच्या होस्ट फाईलमध्ये आयपी टाकून द्या आणि मोकळे व्हा. चाईल्ड डोमेन वगैरे मोठ्या लोकांची कामं.

---

डीएनएसवाले_काका

केबलवाला, तुमच्या २५ पीसीला ते चालेल, यांचं तसं नाही. यांची दोन वेगळी जंगलं (फॉरेस्ट, म्हणजे एकमेकींना न ओळखणाऱ्या दोन अॅक्टिव्ह डिरेक्टरी) झालीयत आणि नवीन हार्डवेअर येतंय, नाव बदलायची याच्याइतकी स्वस्त संधी परत येत नसते.

आधी लोकलचं सांगतो, कारण मॅकचा त्रास तिथूनच आहे, मॅकमध्ये काही बिघाड नाहीये. फेब्रुवारी २०१३ ला आरएफसी ६७६२ (इंटरनेटच्या नियमांचा कागद) आला, त्यात .लोकल हे टोक मल्टिकास्ट डीएनएससाठी राखून ठेवलं (डीएनएस म्हणजे नावावरून आयपी शोधून देणं). म्हणजे प्रिंटर, टीव्ही, मॅक वगैरे वस्तू सर्व्हरशिवाय एकमेकांना नावाने हाक मारतात ना, ज्याला अॅपलवाले बॉन्जूर म्हणतात, त्याच्यासाठी. त्यामुळे मॅकने .लोकल बघितलं की तो तुमच्या डीएनएस सर्व्हरला विचारण्यापेक्षा आधी आजूबाजूला ओरडून बघतो, आणि सर्व्हर दुसऱ्या सबनेटमध्ये (नेटवर्कच्या दुसऱ्या भागात) असला की तिकडून कोण ओ देणार. बऱ्याच लिनक्समध्ये पण हेच, प्रश्न डीएनएसपर्यंत पोचायच्या आधीच अडतो. विंडोजला इतकी वर्षं फरक पडला नाही म्हणून व्हेंडर लोकांनी डोळे झाकून तेच टाकलं, आणि त्यांना तरी काय बोलणार, स्मॉल बिझनेस सर्व्हरचा विझार्डच ते नाव पुढे करायचा.

नॉट सिक्युअरचं मूळ पण तेच. पब्लिक सर्टिफिकेट (साईट खरी असल्याचं ब्राउझरला पटवणारा दाखला) देणाऱ्यांनी ठरवलं की असल्या आतल्या नावांना १ नोव्हेंबर २०१५ च्या पुढे मुदत असलेलं सर्टिफिकेट द्यायचंच नाही, आणि १ ऑक्टोबर २०१६ पर्यंत जी काही उरलेली असतील ती रद्द करायची. कारण सरळ आहे, मेल.लोकल हे नाव तुमचंच आहे हे सिद्ध कसं करणार, ते तर कोणाचंच नाही. तर तुम्ही कितीही पैसे द्या, लोकलवरचं नॉट सिक्युअर जाणार नाही, स्वतःची सर्टिफिकेट अथॉरिटी उभी करून प्रत्येक मशीनवर आणि प्रत्येक फोनवर तिचं रूट सर्टिफिकेट टाकत बसावं लागेल.

म्हणून तुमचा तिसरा पर्याय. स्वतःच्या मालकीच्या डोमेनखाली एक सबडोमेन, ते फक्त आत वापरायचं, बाहेर त्याबद्दल काही प्रसिद्ध करायचं नाही. एडी.आमचीकंपनी.कॉम घ्या किंवा इंट घ्या, शब्द कोणताही चालेल, छोटा ठेवा म्हणजे झालं. मायक्रोसॉफ्टचा सल्ला पण हाच असतो.

चाईल्ड डोमेन नको. प्लांट म्हणजे डोमेन हा हिशोब डोक्यातून काढून टाका. अॅक्टिव्ह डिरेक्टरीत जागेसाठी साईट्स अँड सबनेट्स आहे, तिथे अंबड, सातपूर, सिन्नर, चाकण अशा साईट करा, प्रत्येकीला तिचे सबनेट जोडा. डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारे सर्व्हर) स्वतःचे रेकॉर्ड साईटप्रमाणे डीएनएसमध्ये नोंदवतात, त्यामुळे सिन्नरचा पीसी लॉगिनला आपोआप सिन्नरच्याच कंट्रोलरकडे जातो. चाईल्ड केलं की प्रत्येकाला वेगळे कंट्रोलर, वेगळे अॅडमिन, वेगळ्या पॉलिसी, आणि माणूस सातपूरहून सिन्नरला बदली झाला की त्याचं अकाउंट उचलून दुसऱ्या डोमेनमध्ये न्यायचं. दोन माणसांत हे झेपणार नाही. एक फॉरेस्ट, एक डोमेन.

आणि सिन्नरला कंट्रोलर ठेवाच, नुसत्या लिंकवर विसंबू नका. २०२७ ला सिंहस्थाची पर्वणी असेल त्या दिवशी लिंक पडली तर अंबडहून द्वारका, नाशिकरोड करत सिन्नरला कसे पोचणार ते आत्ताच ठरवून ठेवा 😄

---

नोकरीत_नवीन

काका एक शंका. दुसरा पर्याय का नको, आतबाहेर एकच आमचीकंपनी.कॉम? लोकांचा मेल आयडी पण तोच असतो, लॉगिन पण तेच झालं असतं, सोपं नाही का पडणार? आमच्या क्लासमध्ये सरांनी असंच करून दाखवलं होतं.

---

डीएनएसवाले_काका

दिसायला सोपं, निस्तरायला अवघड. बघ, तू आत आमचीकंपनी.कॉम नावाचा झोन (त्या नावाखालच्या नोंदींची वही) बनवलास की तुझा आतला डीएनएस सर्व्हर स्वतःला त्या नावाचा मालक समजतो. जे त्याच्याकडे लिहिलेलं नाही ते जगात नाहीच असं तो ठामपणे सांगतो, बाहेर विचारायला जात नाही. म्हणजे बाहेर वेबसाईटवाल्याने नवीन करिअर्स.आमचीकंपनी.कॉम काढलं की ते सगळ्या जगाला दिसणार फक्त तुझ्या ऑफिसात दिसणार नाही, जोवर तू हाताने आत तोच रेकॉर्ड टाकत नाहीस. मेलचे ऑटोडिस्कव्हर, व्हीपीएन, पोर्टल, सगळं दोनदा लिहायचं आणि आयुष्यभर दोन्हीकडे सारखं ठेवायचं. तक्रार नेहमी एकाच साच्याची येते, "घरून चालतं, ऑफिसातून चालत नाही".

त्यात गंमत म्हणजे नुसतं आमचीकंपनी.कॉम टाईप केलं तर आतून वेबसाईट उघडतच नाही, कारण डोमेनच्या नावावर सगळे डोमेन कंट्रोलर आपापला आयपी नोंदवतात, ते त्यांचं कामच आहे. मग आपले साहेब कस्टमरसमोर बसून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू न लावता वेबसाईट उघडायला जातात आणि समोर येते ब्राउझरची एरर. काही लोक यावर उपाय म्हणून कंट्रोलरवरच वेबसर्व्हर टाकून रीडायरेक्ट करतात. नको रे बाबा.

तू म्हणतोस तो लॉगिनचा फायदा मात्र सबडोमेन ठेवून पण मिळतो. डोमेन्स अँड ट्रस्ट्समध्ये जाऊन आमचीकंपनी.कॉम हा जादा यूपीएन सफिक्स (लॉगिन नावातला @ नंतरचा भाग) टाकायचा आणि युजरला तो लावायचा, की माणूस मेल आयडीनेच लॉगिन करतो, खाली डोमेन एडी.आमचीकंपनी.कॉम आहे हे त्याला कळत पण नाही. सरांना सांग 🙂

---

सॉकेट_सातपूर

काकांशी सहमत, पण मग .इंटरनलचं काय? आयकॅनने (इंटरनेटच्या नावांचा कारभार बघणारी संस्था) जुलै २०२४ मध्ये ते कायमचं राखीव केलंय, कोणालाच विकणार नाहीत, खास खाजगी नेटवर्कसाठीच आहे. आमचीकंपनी.इंटरनल केलं तर रजिस्ट्रेशन नाही, रिन्यूअल नाही, कटकटच नाही. माझ्याकडे टेस्ट लॅब त्याच्यावरच आहे.

---

डीएनएसवाले_काका

लॅबला एकदम बरोबर. लोकलपेक्षा शंभरपट बरं, निदान मॅकशी भांडण नाही आणि उद्या ते कोणी विकत घेईल ही भीती नाही. ही भीती खरी असते बरं का, लोकांनी मनाने .डेव्ह वापरलं होतं टेस्टिंगला, ते टोक गुगलने घेतलं आणि डिसेंबर २०१७ पासून क्रोमने त्यावर एचटीटीपीएस सक्तीचं केलं, एका अपडेटमध्ये लोकांच्या आतल्या साईट बंद. .कॉर्प आणि .होम हे तर इतके लोक आत वापरत होते की आयकॅनने फेब्रुवारी २०१८ मध्ये ती टोकं कोणालाच द्यायची नाहीत असं ठरवून टाकलं.

पण यांच्यासाठी दोन अडचणी. .इंटरनलला पब्लिक सर्टिफिकेट मिळत नाही, म्हणजे प्रॉडक्शन हेडचा स्क्रीनशॉट चालूच राहणार, किंवा घरची सर्टिफिकेट अथॉरिटी. आणि दुसरं, ते नाव जगात एकमेव नाही. उद्या यांनी एखादी कंपनी विकत घेतली आणि तिकडे पण कोणीतरी ईआरपी.इंटरनल करून ठेवलेलं असलं की झालं. स्वतःच्या विकत घेतलेल्या नावाखाली हे होऊच शकत नाही.

सर्टिफिकेटचा भाग जरा नीट सांगतो कारण लोकांना वाटतं की त्यासाठी सर्व्हर इंटरनेटवर उघडा ठेवावा लागतो. अजिबात नाही. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं डीएनएसवालं व्हेरिफिकेशन घ्या, त्यात बाहेरच्या डीएनएसमध्ये फक्त एक टीएक्सटी रेकॉर्ड (मजकुराची नोंद) टाकून डोमेन तुमचं आहे हे दाखवायचं, बास, सर्व्हर आत १० ने सुरू होणाऱ्या खाजगी आयपीवर शांत बसलेला असतो. मार्च २०१८ पासून ते वाईल्डकार्ड (एका नावाखालच्या सगळ्या नावांना चालणारं एकच सर्टिफिकेट) पण देतात. आणि वाईल्डकार्डच घ्या, कारण प्रत्येक पब्लिक सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सी लॉगमध्ये जातं आणि तो लॉग कोणीही वाचू शकतं. पेरोल, सीसीटीव्ही, बॅकअप अशी नावं एकेकाची घेतलीत तर तुमच्या आतल्या सर्व्हरची यादी तुम्हीच जगाला दिलीत.

फक्त वाईल्डकार्ड एकाच पायरीला लागतं हे लक्षात ठेवून नावं आखा. स्टार.अॅप.आमचीकंपनी.कॉम हे ईआरपी.अॅप.आमचीकंपनी.कॉम ला चालेल, ईआरपी.सिन्नर.अॅप.आमचीकंपनी.कॉम ला चालणार नाही. म्हणून मी दोन झोन ठेवतो, एडी खाली सगळी मशीन, ती एडी आपोआप सांभाळेल, आणि अॅप खाली फक्त लोकांनी टाईप करायची नावं, ती हाताने. प्लांटचं नाव मध्ये घुसवायचं नाही. ईआरपी आज अंबडला आहे, उद्या क्लाऊडवर गेली तर नाव तेच राहतं, रेकॉर्ड बदलला की झालं.

---

रामशेज

मशीनच्या नावांबद्दल कोणीच बोलेना म्हणून मी बोलतो, हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. आमच्याकडे सगळे सर्व्हर किल्ल्यांच्या नावाने आहेत, साल्हेर, मुल्हेर, हरिहर, अंजनेरी. साल्हेर सगळ्यात मोठा होस्ट, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला म्हणून. लोकांच्या लक्षात राहतं, एसआरव्ही ०१ एसआरव्ही ०२ मध्ये एक अंक चुकला की भलताच सर्व्हर रीस्टार्ट होतो, साल्हेर आणि अंजनेरीत तशी गल्लत होत नाही. आणि हा बालिशपणा नाहीये, १९९० चा आरएफसी ११७८ खास कॉम्प्युटरला नाव कसं द्यावं यावरच आहे, त्यात पण विषय ठरवून त्यातली नावं द्या असंच म्हटलंय.

---

सॉकेट_सातपूर

त्याच आरएफसीत एका नावाची दोन स्पेलिंग होतील असली नावं टाळा असं पण म्हटलंय भो. मुल्हेरला इंग्रजीत एक यू का दोन यू, साल्हेरला एक ए का दोन, रात्री बाराला सिक्युरिटी केबिनमधून फोनवर सांगून बघा कोणाला तरी. आणि नवीन पोराला काय कळणार साल्हेरवर एसक्यूएल (डेटाबेस) आहे का सीसीटीव्ही.

माझं मत, लोखंडाला (खऱ्या मशीनला) किल्ले द्या हवं तर, व्हर्च्युअल मशीनला जागा, काम, नंबर असंच द्या. जागेचा कोड तीन अक्षरी. परदेशी कंपन्या एअरपोर्टचे कोड वापरतात, आमच्या एका कन्सल्टंटने तेच सुचवलं होतं, नाशिकचा कोड आयएसके. एक तर ओझरच्या विमानतळाचा कोड इथे कोणाला माहीत नाही, आणि तुमचे तीन प्लांट एकाच जिल्ह्यात, तिन्ही आयएसके. एमएच १५ लावण्यासारखंच आहे ते. सरळ एएमबी, एसटीपी, एसएनआर, चाकणला सीएचके.

---

डीएनएसवाले_काका

दोघांचं भांडण सोडवत नाही, फक्त नियम सांगतो. डीएनएसमध्ये दोन टिंबांमधला तुकडा ६३ अक्षरांपर्यंत आणि अख्खं नाव २५३ पर्यंत चालतं, पण विंडोज मशीनला नेटबायॉसचं (विंडोजच्या जुन्या, छोट्या नावांच्या पद्धतीचं) बंधन आहे, १५ अक्षरं, त्याच्या पुढचं कापलं जातं, आणि कापलेली दोन नावं सारखी झाली की एक मशीन डोमेनमधून बाहेर. अक्षरं, अंक आणि आडवी रेघ एवढंच वापरा. अंडरस्कोअर विंडोज चालवून घेतो, बाकीचे घेतीलच असं नाही. नावात विंडोजचं व्हर्जन, कंपनीचा मेक, मजला, माणसाचं नाव असलं काही टाकू नका, एसक्यूएल २०१२ नावाच्या मशीनवर २०१९ चालताना मी बघितलंय आणि कोणाची नाव बदलायची हिंमत होत नव्हती.

---

अंबड_आयटी

बापरे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. तर मी असं ठरवतोय, बघा जमतंय का.

एडी.आमचीकंपनी.कॉम एक फॉरेस्ट एक डोमेन, नवीन सर्व्हरवर कोरं उभं करायचं. अंबडला दोन कंट्रोलर, सिन्नरला एक, सातपूरला एक, चाकण व्हीपीएनवर. नावं एएमबी-एसक्यूएल-०१, एसएनआर-डीसी-०१ अशी. किल्ले फक्त होस्टला, साहेबांना आवडेल. लोकांसाठी ईआरपी.अॅप, फाईल.अॅप, गेटपास.अॅप वगैरे, वाईल्डकार्ड त्यावर. सीएनसीच्या कंट्रोलरचे पीसी जुने एक्सपीवाले आहेत, ते डोमेनमध्ये नाही घेणार, वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) ठेवून हाताने रेकॉर्ड टाकेन.

नेटबायॉस नाव मात्र जुनंच आमचीकंपनी ठेवतो, ऑपरेटर लोकांना आमचीकंपनी स्लॅश युजर असं टाकायची सवय आहे, आणि दोन्ही जुन्या डोमेनशी ट्रस्ट (एकीकडचं लॉगिन दुसरीकडे चालायची सोय) लावून हळूहळू माणसं हलवतो. बरोबर?

---

डीएनएसवाले_काका

नव्वद टक्के बरोबर आणि दहा टक्के जिथे आदळाल तिथे.

नेटबायॉस नाव जुनं ठेवलंत तर जुन्या डोमेनशी ट्रस्ट लागणारच नाही, दोन्हीकडे तेच नाव असून चालत नाही. आणि विझार्ड नुसता पुढेपुढे करत गेलात तर तो पहिला तुकडा उचलून एडी हेच नाव टाकतो, मग पुढे जन्मभर लॉगिनला एडी स्लॅश दिसणार. त्या पानावर थांबा आणि काहीतरी तिसरं छोटं नाव द्या. ऑपरेटरना मेल आयडीने लॉगिन शिकवा, ज्यांना मेल नाही त्यांना पण यूपीएन देता येतो.

फाईल.अॅप नुसता सीएनेम (टोपणनावाची नोंद) टाकून चालणार नाही. वेबला चालतं, विंडोजच्या शेअरला केर्बेरॉसमध्ये (विंडोजच्या लॉगिन तपासणीत) अडकतं, पासवर्ड मागत बसतो किंवा नकार देतो. ज्या सर्व्हरवर शेअर आहे त्याच्यावर नेटडॉम कॉम्प्युटरनेम अॅड ही कमांड वापरून तेच नाव त्याचं दुसरं नाव म्हणून नोंदवा, एसपीएन (केर्बेरॉसला लागणारी नावाची नोंद) तोच लावून घेतो.

तोवर सिन्नरवाल्या स्टोअरकीपरचे हाल उद्याच कमी करता येतील, त्यासाठी नवीन सर्व्हरची वाट बघू नका. अंबडच्या डीएनएसवर फॅक्टरी.लोकलसाठी कंडिशनल फॉरवर्डर (या नावाचे प्रश्न अमुक सर्व्हरकडे पाठव अशी सूचना) टाका, पत्ता सिन्नरच्या कंट्रोलरचा, आणि सिन्नरला उलटा. ट्रस्टला हे असंही लागणारच आहे, आणि नवीन फॉरेस्ट आलं की त्याच्याकडे पण हेच.

आणि एक विचारायचं राहिलं, पीसीवर डीएनएस काय काय दिलेत?

---

अंबड_आयटी

पहिला अंबडचा कंट्रोलर, दुसरा गुगलचा ८.८.८.८. कंट्रोलर पडला तर निदान इंटरनेट चालू राहावं म्हणून.

---

डीएनएसवाले_काका

वाटलंच. काढा तो दुसरा, आजच. विंडोज दुसरा डीएनएस फक्त "पहिला मेला तर" असा वापरत नाही, पहिल्याने उत्तराला जरा उशीर केला, लिंक हलली, की तो दुसऱ्याकडे सरकतो आणि काही वेळ तिथेच रमतो. गुगलला तुमची ईआरपी माहीत नाही, तो सांगतो असं नावच नाही, आणि हे "नाही" उत्तर पीसीच्या दृष्टीने पक्कं उत्तर असतं, मग तो परत कंट्रोलरला विचारत नाही. तुमच्या "कधी सापडतो कधी नाही"मधला काही भाग हाच असणार, मॅकवर सगळं ढकलू नका. पीसीला दोन्ही डीएनएस आतलेच द्या, सिन्नरला पहिला सिन्नरचा दुसरा अंबडचा. ८.८.८.८ किंवा जे काय आवडतं ते कंट्रोलरच्या फॉरवर्डरमध्ये टाका, बाहेरचं तो विचारून देईल.

फोनवर पण बघा, कोणी अँड्रॉइडमध्ये प्रायव्हेट डीएनएस लावलं असेल तर त्याला आतलं नाव दिसणार नाही.

---

नोकरीत_नवीन

काका गंमत म्हणून विचारतो, २०१४ पासून .भारत मिळतंय ना, मराठीत? आमचीकंपनी.भारत केलं तर 😀

---

सॉकेट_सातपूर

बाहेरच्या वेबसाईटला घे खुशाल. आत नको, डीएनएसच्या पोटात ते एक्सएन डॅश डॅश करून अगम्य अक्षरं होतात आणि लॉग वाचताना तीच दिसतात.

---

अंबड_आयटी

मंडळी एक नवीनच निघालं. वाईल्डकार्डसाठी टीएक्सटी रेकॉर्ड टाकायला बाहेरच्या डीएनएसचा पासवर्ड शोधत होतो तर कोणाकडेच नाही. हूइज बघितलं, डोमेन दुसऱ्याच रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे), आमच्याकडे बिल पण नाही. अकाउंट्सला विचारलं तर ते म्हणे वेबसाईट बनवणाऱ्यालाच दरवर्षी चेक जातो, डोमेन त्याच्याच अकाउंटमध्ये आणि बहुतेक त्याच्याच नावावर. तो आता फोन उचलतो पण "बघतो" म्हणतो.

---

डीएनएसवाले_काका

मग सगळं थांबवा आणि आधी हे. फॉरेस्टचं नाव एकदा टाकलं की बदलणं म्हणजे परत हेच सगळं रामायण, आणि एक्सचेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) आत असेल तर नव्या व्हर्जनमध्ये डोमेन रिनेम सपोर्टेडच नाही. जे डोमेन तुमच्या नावावर नाही त्याच्यावर असली गोष्ट बांधायची नाही. तो उद्या रिन्यू करायचा विसरला तर आतलं रिझॉल्व्ह होणं चालू राहील, तुमचा डीएनएस तुमच्याकडेच आहे, पण सर्टिफिकेट मिळणार नाहीत, मेल बंद, आणि ते नाव ज्याने उचललं त्याला तुमच्या बाहेर फिरणाऱ्या लॅपटॉपचे प्रश्न आयते मिळत राहतील.

लेटरहेडवर पत्र द्या, साहेबांच्या सहीने, रजिस्ट्रंट म्हणून कंपनीचं नाव आणि कंपनीचा मेल आयडी करून ट्रान्सफर कोड द्या म्हणून. मेल आयडी त्याच डोमेनवरचा ठेवू नका, डोमेन अडकलं तर रिकव्हरीचा मेल पण अडकतो. भांडू नका, बहुतेक वेळा त्याचं पुढचं बिल अॅडव्हान्स दिलं की माणूस देतो. आणि मालकी आल्यावर पाच वर्षांचं रिन्यूअल एकदम भरा, ट्रान्सफर लॉक लावा, पासवर्ड साहेबांच्या तिजोरीत.

तोवर कंडिशनल फॉरवर्डर, ८.८.८.८ काढणं, साईट-सबनेटचा कागद तयार करणं, सबनेट एकमेकांवर चढत नाहीत ना ते बघणं, ही कामं होतील. दोन व्हेंडरनी दोन्हीकडे १९२.१६८.१ च दिलं असेल तर ते आधी सोडवा, त्याच्याशिवाय फॉरवर्डर पण लागणार नाही.

---

अंबड_आयटी

दिलंय ना 😭 दोन्हीकडे तेच. पत्र आज टाईप करतो. सिन्नरचे आयपी १०.३० ने सुरू होणाऱ्या रेंजमध्ये हलवतो, तिथे माणसं कमी आहेत, एका रविवारात होईल. अंबडचं कटओव्हर दिवाळीच्या सुट्टीत, प्लांट बंद असतो तेव्हा.

---

डीएनएसवाले_काका

बेस्ट. अंबडला १०.१०, सातपूरला १०.२०, चाकणला १०.४० असा संच लावा, आणि प्रत्येकाचा रिव्हर्स झोन (आयपीवरून नाव सांगणारा) त्याच वेळी करून टाका, नंतर कोणी करत नाही. कटओव्हरच्या आदल्या आठवड्यात अॅपवाल्या रेकॉर्डचे टीटीएल (उत्तर किती वेळ लक्षात ठेवायचं ती मुदत) पाच मिनिटांवर आणा म्हणजे मागे फिरावं लागलं तर पटकन फिरता येईल.

---

केबलवाला

हे सगळं वाचून मला घाम फुटला. काका माझ्या २५ पीसीच्या लोकलचं पण करायचं का आता?

---

डीएनएसवाले_काका

आत्ता नको. पुढचा सर्व्हर घ्याल तेव्हा. पण डोमेन कोणाच्या नावावर आहे ते आज संध्याकाळी बघून घ्या.